शाळेच्या बागेसाठी आच्छादन व कंपोस्ट खत

माघ-फाल्गुनात शाळेच्या आवारातील पिंपळ, बदाम, सागवान यांची पाने गळू लागतात. पुष्कळ ठिकाणी हा पालापाचोळा झाडून एका कोपऱ्यात पेटवून देण्यात येतो. पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि मुलांनी पावसाळ्यात हौसेने लावलेली रोपे जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत वाळून जातात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध सहसा लक्षात येत नाही. माघात जी पाने जाळली, तीच वैशाखात रोपांना तारणारी होती. दरवर्षी वाळलेली बाग पाहून ‘लावलेले जगत नाही’ असा चुकीचा धडा मुलांच्या मनावर ठसतो. तो टाळणे शिक्षकांच्या हाती आहे.

दोन उपयोग, दोन रीती

पालापाचोळ्याचे दोन उपयोग आहेत. तो जमिनीवर पसरला म्हणजे आच्छादन होते व कुजविला म्हणजे कंपोस्ट खत होते. आच्छादनामुळे ऊन व वारा मातीला थेट लागत नाहीत. त्यामुळे ओल टिकते, माती कमी तापते व तण कमी उगवते. कंपोस्ट खत मातीत मिसळल्याने ती भुसभुशीत होते व रोपांना अन्नद्रव्ये मिळतात.

मात्र कोरडी पाने मातीत तशीच पुरू नयेत. त्यांत कार्बन फार व नत्र थोडे असते. ती कुजविणारे सूक्ष्म जीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतील नत्र वापरतात, आणि रोपे काही काळ पिवळी पडतात. म्हणून पाने एक तर मातीच्या वर राहावीत, नाही तर कुजूनच मातीत जावीत.

खड्डा भरण्याची रीत

इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने कंपोस्टची जी पद्धत सिद्ध केली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. शाळेसाठी तिचे साधे रूप पुरेसे आहे.

पाणी साचणार नाही अशा सावलीच्या जागी सुमारे १ मीटर लांब-रुंद व पाऊण मीटर खोल खड्डा घ्यावा. तळाशी काटक्या पसराव्यात. त्यावर १५ सेंटीमीटर कोरडी पाने, ५ सेंटीमीटर हिरवा पाला किंवा पोषण आहाराच्या भाजीची साले व देठ, मग शेणकाला आणि मूठ-दोन मूठ माती, असे थर द्यावेत. ओल किती असावी, याची कसोटी सोपी आहे : मूठभर माल दाबला असता तळहात ओला व्हावा, परंतु पाणी ठिबकू नये.

काही दिवसांत खड्डा आतून तापतो. उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते व तीमुळे तणाचे बरेचसे बी मरते. लोखंडी गज आत खुपसून ठेवावा व थोड्या वेळाने बाहेर काढावा. त्याची ऊब प्रथम शिक्षकांनी पाहावी, मग सोसेल तरच मुलांना दाखवावी. पंधरा दिवसांनी, एक महिन्याने व दोन महिन्यांनी माल खालीवर करावा. दुर्गंधी आली तर हवा कमी पडली असे समजावे. माल थंड व कोरडा राहिला तर पाणी शिंपडावे. माघात भरलेल्या खड्ड्यातील खत मृगाच्या सुमारास काळसर, मऊ व पहिल्या पावसातील मातीसारख्या वासाचे होते.

ऋतुमानाप्रमाणे कामे

गळलेल्या पानांपैकी निम्मी खड्ड्यात घालावीत व निम्मी आच्छादनासाठी राखून ठेवावीत. सुट्टी लागण्यापूर्वी वाफ्यांना भरपूर पाणी देऊन ८ सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घालावे. कोरड्या जमिनीवर घातलेल्या आच्छादनाचा लाभ थोडा. मोठ्या रोपांजवळ कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व झाकावे. पाणी सावकाश झिरपते. मडकी पुन्हा भरण्याचे काम शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पालकांवर पाळीने सोपवावे. याविना केवळ आच्छादनावर बाग जगणार नाही.

पावसाळ्याच्या आरंभी दर चौरस मीटरास २ ते ३ किलो खत मातीत मिसळून लागवड करावी. या दिवसांत आच्छादन पातळ ठेवावे, अन्यथा गोगलगायी वाढतात व रोपे कुजतात. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा यांची रोपे बोटभर उंच झाल्यावर ओळींमध्ये पाने पसरावीत. आच्छादन खोडाला कधीही चिकटू देऊ नये. वाळवी दिसल्यास ते बाजूला सारावे.

मुलांचा सहभाग व दक्षता

इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांनी सारख्या आकाराचे दोन वाफे घेऊन एकावर आच्छादन घालावे, दोन्हींना मोजून सारखे पाणी द्यावे, आणि बोटभर खोलीवर माती किती दिवस ओली राहते ते वहीत नोंदवावे. स्वतः पाहिलेला फरक मुले विसरत नाहीत.

पाचोळ्यात विंचू-साप असू शकतात. म्हणून पाने हातांनी न उचलता दाताळ्याने ओढावीत. प्लॅस्टिक, काच, विजेरीचे सेल व फुलावर आलेले गाजरगवत खड्ड्यात जाऊ देऊ नये. गाजरगवताला मुलांनी हात लावू नये, कारण त्याने त्वचेला खाज सुटते. रिकाम्या वेळी खड्ड्यावर झाकण अवश्य असावे व काम संपताच सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

या कामास पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो वर्षभराचा नेम. यंदा पाने पेटविण्यापूर्वी खड्डा खणला, तर जूनमध्ये शाळेत परतणाऱ्या मुलांना आपली रोपे हिरवी दिसण्याची आशा धरता येईल.