अठरा अक्षरांची करामत

एकतीस वर्षे मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले आणि दरवर्षी फळ्यावर एक वाक्य न चुकता लिहिले : ‘विकरे ही प्रथिने असतात.’ विकरे म्हणजे एन्झाइम्स. शरीरातल्या रासायनिक क्रिया झपाट्याने उरकून देणारे कारागीर. १९२६ साली समनरने एक विकर स्फटिकरूपात वेगळे काढून ते प्रथिनच असल्याचे दाखवले, तेव्हापासून ही समजूत पक्की झाली. पुढे आर.एन.ए.ने एक अपवाद काढला, तो मी तळटीपेत उरकला!

प्रथिनाचा एक दोष मात्र मला चांगलाच भोवला. एका उन्हाळ्यात दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती, साखर ओळखण्याची. फ्रीजमध्ये पेरॉक्सिडेज या विकराचे पातळ द्रावण होते. हॉर्सरॅडिश नावाच्या, मुळा-मोहरीच्या कुळातल्या विलायती तिखट मुळापासून ते काढतात. पहिल्या मुलाच्या नळीत रंग आला नाही. मी त्याला निष्काळजी म्हणालो आणि चार गुण कापले. मग दुसरी नळी, तिसरी नळी... एकूण चाळीस! विकर उष्म्याने मेले होते. इतरांची परीक्षा पुन्हा झाली. पहिल्याचे गुण मात्र तसेच राहिले. चूक कबूल करण्याचा धीर मला झाला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

गेल्या दिवाळीत पुतणीने मला तिच्या प्रयोगशाळेत नेले. “काका, तुमचे ते फळ्यावरचे वाक्य आज पुसायचे हं,” म्हणाली. तिने एका नळीतले पाण्यासारखे द्रावण चक्क उकळत्या पाण्यात धरले. मी दचकलो. अंडे उकडले की पुन्हा कच्चे होते का? प्रथिनाचेही तसेच. पण तिने नळी निवू दिली, पोटॅशियमचा क्षार घातला, हेमिनचा थेंब टाकला, मग एक रंगहीन द्रव्य आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. बघता बघता पाणी हिरवेगार झाले!

त्या नळीत प्रथिन नव्हतेच, होता डी.एन.ए. आनुवंशिकतेची पोथी म्हणून आपण ओळखतो तोच, पण फक्त अठरा अक्षरांचा तुकडा. त्यातली बारा अक्षरे ‘ग’, म्हणजे ग्वानीन. चार ‘ग’ एकमेकांचे हात धरून चौकोन करतात, हे १९६२ सालीच कळले होते. असे चौकोन चौरंगांसारखे एकावर एक रचले जातात आणि पोटॅशियम मध्ये बसून ती रचना पक्की धरतो. उकळल्यावर ती मोडते, निवल्यावर पुन्हा जुळते.

आता हेमिन. पॉर्फिरिन हा रेणू सपाट तबकडीसारखा असतो आणि त्याच्या मधोमध धातू बसतो. आपल्या रक्ताला लाली देणारी तबकडी लोहाची, पानाला हिरवेपणा देणारी तिची बहीण मॅग्नेशियमची. हेमिन हे रक्तातल्या त्या लोहाच्या तबकडीचेच रूप. एकटे असताना ते पेरॉक्साइडवर रेंगाळत काम करते. चौरंगावर बसले की शेकडो पटींनी वेग येतो.

हा शोध लागला तोही गमतीने. कॅनडात दीपंकर सेन आणि यिंगफू ली यांनी असंख्य डी.एन.ए. तुकड्यांतून चाळून चाळून, पॉर्फिरिनमध्ये धातू बसवणारा तुकडा १९९६ साली शोधला. हेमिन त्या कामात अडथळा आणी, कारण ते तुकड्याला घट्ट बिलगून बसे. पण १९९८ साली दिसले, की ती बिलगलेली जोडी स्वतःच पेरॉक्सिडेजचे काम करते. विघ्न म्हणून आलेला पाहुणा घरचा जावई झाला म्हणायचा!

उपयोग काय, हे मी विचारलेच. पुतणी म्हणाली, हा तुकडा दुसऱ्या तुकड्याशी जोडून आधी गाठीत बांधून ठेवायचा. नमुन्यात रोगजंतूच्या जनुकाचा ठरावीक अंश असला की गाठ सुटते, चौरंग रचला जातो, रंग येतो. डोळ्यांनीच बघायचे, मोठे यंत्र नको. पाण्यातले शिसेही असे हुडकता येते. शिसे पोटॅशियमला उठवून त्याची जागा घेते, चौरंगाची घडी बदलते आणि रंग फिका पडतो. रंगाऐवजी ल्युमिनॉल वापरले तर निळसर उजेड पडतो. मुळ्याच्या भाऊबंदाकडून आणलेल्या विकराला सांभाळावे लागते तसे याचे लाड नाहीत. शिवाय हवा तसा तुकडा यंत्रावर जुळवता येतो.

“मग बाजारात मिळतो का गं?” मी उतावळेपणाने विचारले.

ती हसली. खऱ्या पेरॉक्सिडेजपुढे हा अजून बराच मंद आहे. पेरॉक्साइडने हेमिन हळूहळू स्वतःच खराब होते. आणि रक्तासारख्या नमुन्यात इतके काही मिसळलेले असते, की रंग कशाचा आला ते सांगणे अवघड होते. एकटे हेमिनही थोडा रंग देतेच.

तेव्हा माझे लक्ष हिरव्या नळीच्या शेजारी गेले. तिथे दुसरी नळी होती. तिच्यात सगळे तेच, फक्त डी.एन.ए. नाही. तिला जेमतेम हिरवी झाक होती.

“ही कशाला?”

“ताडून बघायला, काका. ही नसेल तर पहिलीवर विश्वास कोण ठेवणार?”

त्या परीक्षेच्या दिवशी चाळीस नळ्यांच्या शेजारी, ज्यात साखर आहे हे मला ठाऊक आहे अशी एकही नळी मी ठेवली नव्हती.