खिशातला चाकू: नाव बघावे की धार?

जून उजाडला की नांदेड, हिंगोली, बीड, उदगीरकडची मुले क्लाससाठी लातूरला येऊन राहतात. खोली बघायची, मेस ठरवायची, गादी-बादली घ्यायची. या सामानात अम्मीच्या हातून एक वस्तू हमखास जाते, ती म्हणजे फळे कापायला चाकू. विळी हॉस्टेलवर चालत नाही आणि स्वयंपाकघरातली सुरी पिशवीत टाकली तर ती आधी वह्या कापते. मग घडीचा चाकू घ्यायचे ठरते आणि घरात दोन मते पडतात. अब्बा म्हणतात, बाजारात मिळेल तो स्वस्तातला घे. मुलगा मोबाईल पुढे करून एकेक नाव दाखवू लागतो. नावे फिरून फिरून तीनच असतात: रामपुरी, स्विस आणि ओपिनेल. या महिन्यात आम्ही ही तिन्ही समोरासमोर ठेवली आहेत. चौथा चाकू आपल्याच भागातला आहे, त्याच्याकडे शेवटी वळू.

रामपुरीची कीर्ती सिनेमाने केली. १९६५च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारने चाकूवरून म्हटलेला संवाद आमच्या वडिलांच्या पिढीला अजून पाठ आहे. पुढे सत्तरच्या दशकात तर पडद्यावरच्या गुंडाच्या खिशात रामपुरी नसेल तर तो गुंड वाटतच नसे. रामपूर हे उत्तर प्रदेशातले नवाबी संस्थान. तिथे हा चाकू घडवणारे कारागीर बहुतेक आपल्याच समाजातले. पाते लांब आणि निमुळते, मूठ पितळेची, हाडाची किंवा शिंगाची. उघडताना खटक्याचे दाते कट-कट वाजतात आणि अर्धी दहशत त्या आवाजाचीच असते. कारागिरी म्हणून पाहिले तर वस्तू देखणी आहे, हे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

पण नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आणली आणि हा धंदा बसला. कारागिरांची मुले दुसऱ्या कामांना लागली. त्याच रामपुरात २०२३ मध्ये एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारण्यात आला आणि चौकाचे नावही चाकू चौक ठेवले गेले. चाकूला चौक मिळाला, चाकू घडवणाऱ्याला काय मिळाले ते त्यालाच ठाऊक.

ग्राहकाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रामपुरी हे कोण्या एका कारखान्याचे नाव नाही. कोणीही, कुठेही चाकू बनवतो आणि त्याला रामपुरी म्हणतो. या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात पाते मऊ, वरून चकचकीत मुलामा आणि खीळ ढिली असा माल पुष्कळ असतो. ढिल्या खिळीचा चाकू हा बोथट चाकूपेक्षा वाईट, कारण तो कापता कापता बोटांवर मिटतो. कोणताही घडीचा चाकू घेताना पाते पूर्ण उघडावे, डावीउजवीकडे हलवून पाहावे, मग पात्याची पाठ टेबलावर हलकेच दाबावी. खटका सुटला तर चाकू तिथेच परत द्यावा. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडते की नाही, तेही बघावे.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. फळे कापायला म्हणून घेतलेला रामपुरी फळे कापत नाही, तो रीलमध्ये जातो. तलवारीने केक कापल्याचे किंवा चाकू फिरवल्याचे व्हिडिओ टाकले म्हणून पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात सतत येतात. शस्त्र अधिनियम १९५९चा आहे आणि त्याखालचे नियम २०१६चे. त्यांत तलवारी, खंजिरांबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकूही धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. इथवर वाचून पुष्कळ जण निर्धास्त होतात, की आपला चाकू तर चार इंचांचाच आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या तोंडावर जिल्हाधिकारी त्याखाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश काढतात, बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे. त्या काळात चाकू, काठी यांसारख्या वस्तू घेऊन फिरण्यालाच मनाई असते आणि तिथे इंच मोजत बसत नाहीत. रात्री बसस्टँडवर झडती झाली आणि वीस वर्षांच्या मुलाच्या खिशातून खटक्याचा लांब चाकू निघाला, तर तो पेरू कापायला होता हे कोणाला पटवणार? पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी असते, पासपोर्टच्या वेळी पोलीस चौकशी असते. म्हणून रामपुरीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: हौस असेल तर घरातल्या कपाटात ठेवा, मुलाच्या बॅगेत नको.

नांदेडला वाढलेल्या मुलांना इथे एक प्रश्न पडतो. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात दुकानांतून कृपाणी उघड विकल्या जातात, मग आमचा चाकू का नको? शीख बांधवांनी कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्माचा भाग आहे, असे राज्यघटनेच्या कलम २५च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. ती मुभा त्यांच्या धर्माचरणाला आहे. हौसेने विकत घेऊन कमरेला लावणाऱ्या इतरांना ती लागू होत नाही.

आता स्विस चाकू. लाल मूठ, त्यावर पांढरा क्रॉस, आत पाते, कात्री, डबा उघडणी, स्क्रू-ड्रायव्हर. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी आपली कार्यशाळा काढली. तेव्हा स्विस सैनिकांसाठी घडीचे चाकू जर्मनीतून येत. आपल्या फौजेचा चाकू आपल्याच देशात घडावा म्हणून त्याने खटपट केली आणि १८९१ पासून तो फौजेला चाकू पुरवू लागला. १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू काढला. आज जगभर दिसतो तो याच घराण्यातला. १९०९ मध्ये त्याची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा त्याने मालाला तिचे नाव दिले. पुढे गंज न लागणारे पोलाद आले, त्याला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. दोन्ही जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. आईचे नाव लोखंडावर कोरणारा हा माणूस आम्हाला आवडला.

त्याला प्रतिस्पर्धीही तगडा होता. डेलेमाँची वेंगर कंपनी तोच चाकू बनवी आणि फौजेने कित्येक दशके दोघांना निम्मे-निम्मे काम वाटून दिले. एकीने आपल्या चाकूला ‘ओरिजिनल’ म्हणायचे, दुसरीने ‘जेन्युइन’. गिऱ्हाइकाला फरक सांगता येत नसे, पण भांडण जोरात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू नेणे बंद झाले, विमानतळांवरच्या दुकानांतली विक्री कोसळली, वेंगर डबघाईला आली आणि २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनेच ती विकत घेतली. २०२४ मध्ये तर या कंपनीने पाते नसलेली खिशातली अवजारे तयार करत असल्याचे जाहीर केले, कारण ठिकठिकाणी चाकूंवरचे कायदे कडक होत चालले आहेत. म्हणजे कायद्याची चिंता फक्त लातूरच्या बसस्टँडवरच नाही.

वापरायला हा चाकू सरळ आहे. पाते मुद्दाम फार कडक ठेवलेले नसते, त्यामुळे धार लवकर जाते पण तितकीच सहज परत लागते. लिंबू, कैरी, टोमॅटो कापून तसाच राहिला तरी डाग पडत नाही. सगळ्यात छोटा प्रकार मिटल्यावर ५८ मिलिमीटरचा, बोटाएवढा. त्याला पाहून कोणी घाबरणार नाही आणि सफरचंद, सुतळी, औषधाचे पाकीट एवढ्याला तो पुरतो. छोट्या प्रकारांत पाते अडकून राहायला खटका नसतो, म्हणून टोक खुपसायचे काम त्याच्याकडून घेऊ नये. किंमत मात्र बोचते. नकलाही भरपूर आहेत. अस्सल पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव कोरलेले असते.

ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्वा या डोंगराळ प्रदेशातल्या शेतकऱ्यांचा चाकू, १८९० पासूनचा. एक पाते, एक लाकडी मूठ, बाकी काही नाही. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी पत्र्याची कडी आली. ती फिरवली की उघडे पाते मिटत नाही. इतकी साधी आणि भरवशाची युक्ती आम्हाला या सगळ्यांत उजवी वाटते. चाकू नंबरांनी ओळखला जातो. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटर. अर्धापूरकडे केळीची पाने उतरवणाऱ्याला किंवा रोपांची कलमे बांधणाऱ्याला असले पातळ, लांबट पाते फार सोयीचे. घेताना एवढेच विचारावे: पाते कार्बन पोलादाचे की स्टेनलेस? कार्बनला धार जबर लागते, पण कांदा-लिंबाने ते काळे पडते आणि ओले ठेवले तर गंजते. मूठ लाकडाची असल्यामुळे पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडायला जड जाते. बादलीत बुडवून धुवायचा हा चाकू नव्हे.

राहिला आपल्याकडचा. लातूरचा अडकित्ता हे नाव जुने आहे. पानदान असलेल्या घरात दादीच्या हातात तो असायचाच आणि अजून काही घरांत आहे. एका खिळीवर फिरणारे दोन दांडे, त्यांतल्या एकाला धार. पाहिले तर घडीच्या चाकूचाच हा चुलतभाऊ, आणि खीळ ढिली न होता पिढी-पिढी चालणे ही त्याची परीक्षा. असले काम जमणाऱ्या लोहाराकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा छोटा चाकू घडवून घेतला तर तो दिसायला ओबडधोबड असतो, पण नीट पाणी दिलेले असेल तर नामांकित पात्यांशी सहज बरोबरी करतो. त्यावर नाव नसते. बिघडला तर मात्र ज्याने घडवला त्याच्याच दारात जाता येते, आणि ही सोय ईबाखच्या चाकूत नाही.

चाकू कोणताही घ्या, सहा महिन्यांनी प्रश्न एकच उरतो, धार कोण लावणार? हत्यारांना धार आणि झिलई देणारा तो शिकलगार. शब्द अरबी-फारसीतून आलेला, आणि हे नाव लावणारी घरे मुसलमानांत आहेत तशी शिखांतही. सायकलवर दगडाचे चाक लावून गल्लीत हाक देत फिरणारे आता क्वचित दिसतात. स्टीलच्या स्वस्त सुऱ्या आल्या; बोथट झाली की फेकायची आणि नवी आणायची. ज्यांच्या गल्लीत असा माणूस अजून येतो त्यांनी त्याला रिकामे पाठवू नये. फक्त घडीच्या पातळ पात्यासाठी त्याला दोन गोष्टी सांगाव्यात: चाक सावकाश फिरव आणि पाते मधूनमधून पाण्यात बुडव. जोरात फिरणाऱ्या कोरड्या दगडावर कड निळसर झाली की पोलादाचे पाणी उतरले म्हणून समजा. मग कितीही घासा, धार चार दिवस टिकत नाही. घरच्या घरी करायचे तर चिनी मातीचा कप पालथा घालावा. त्याच्या बुडाची चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर पाते थोडे कलते धरून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढावे. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की झाले.

बकरी ईदच्या आधी कोणीतरी विचारतोच, म्हणून सांगतो: घडीचा चाकू कुर्बानीला वापरू नये. पाते आखूड असते, जोर आला की ते मिटू शकते आणि सांध्यात शिरलेले रक्त-चरबी नीट निघत नाही. जनावराला तकलीफ होऊ नये म्हणून सुरी आधीच तेज करून ठेवावी, ही प्यारे नबी (स.) यांची ताकीद सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी लांब, एकसंध पात्याची सुरीच हवी. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये, असेही हदीसमध्ये आले आहे. खिशात चाकू बाळगणाऱ्यालाही ते लागू पडते. जुम्याला गर्दीत जाताना चाकू घरी ठेवला तर बिघडत काही नाही.

मग हॉस्टेलवरच्या मुलाला काय द्यावे? आमच्या मते छोटा स्विस, पैसे कमी असतील तर बाजारातला साधा, तीन इंचांच्या आतला, बिनखटक्याचा फळांचा चाकू, वर सांगितल्याप्रमाणे खीळ तपासून. शेतावर जाणाऱ्याला ओपिनेल किंवा लोहाराचा. हज-उमराला निघालेल्यांनी तर बोटाएवढा चाकूही हातातल्या बॅगेत ठेवू नये. तपासणीत तो काढून घेतात आणि परत मिळत नाही. मोठ्या, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत तो कपड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवावा. अडकित्त्याचेही तेच. पान-सुपारीची सवय असलेल्या बुजुर्गांच्या हातपिशवीत तो हटकून निघतो, म्हणून घरून निघण्यापूर्वी त्यांची पिशवी एकदा तपासून घ्या.