बॅकअप प्रणालीतील फाइलमार्गांचे आकृतिबंध : स्वरूप आणि दक्षता

प्रस्तावना :
संशोधनाची कच्ची सामग्री, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, प्रबंधाची प्रकरणे हे सर्व आज संगणकावर साठविले जाते. त्याची सुरक्षित दुसरी प्रत म्हणजे बॅकअप होय. तात्पुरत्या व निरुपयोगी फाइली मात्र त्यातून वगळाव्या लागतात. काय घ्यावे आणि काय वगळावे, हे संगणकास सांगण्याचे साधन म्हणजे फाइलमार्गाचा आकृतिबंध. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आरसिंक' या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे त्याचे कार्य येथे स्पष्ट केले आहे.

चिन्हांचे अर्थ :
आकृतिबंधांची कल्पना जुनी असून १९७१ च्या युनिक्समध्येही 'ग्लॉब' हा त्यासाठीचा प्रोग्राम होता. आरसिंकमध्ये '?' हे चिन्ह एका अक्षरचिन्हाऐवजी, तर '*' कितीही अक्षरचिन्हांऐवजी येते. तथापि ही दोन्ही चिन्हे फोल्डरांना विभागणारी तिरकी रेषा ओलांडत नाहीत. ते सामर्थ्य '**' या जोडचिन्हास आहे. शेवटी तिरकी रेषा असल्यास आकृतिबंध केवळ फोल्डरांना लागू होतो.

स्थानाचे महत्त्व :
एखाद्या प्राध्यापकाने प्रबंधाचे जुने खर्डे टाळण्यासाठी 'जुने/' हा आकृतिबंध वगळण्याच्या यादीत घातला, असे समजू. आरंभी तिरकी रेषा नसल्याने तो कोणत्याही पातळीवरील 'जुने' नावाच्या फोल्डरास लागू पडतो. परिणामी 'मुलाखती/जुने/' मधील दुर्मिळ ध्वनिमुद्रणेही वगळली जातात. '/जुने/' असे लिहिल्यास फक्त सर्वांत वरच्या पातळीवरील फोल्डर वगळले जाते. येथे वरची पातळी म्हणजे प्रत घेण्यासाठी निवडलेल्या स्रोताची, संपूर्ण डिस्कची नव्हे.

नियमांचा क्रम :
आरसिंक नियम वरून खाली वाचते आणि जुळणारा पहिला नियम अंतिम मानते. केवळ '*.डॉक' फाइली हव्या असल्यास प्रथम '*/' समाविष्ट करावे, नंतर '*.डॉक' समाविष्ट करावे आणि शेवटी '*' वगळावे. '*' वगळण्याचा नियम आरंभी आल्यास काहीच घेतले जात नाही. '*/' राहून गेल्यास उपफोल्डरांत प्रवेशच होत नाही. कारण फोल्डर वगळले की त्यातील फाइली तपासल्याच जात नाहीत.

निष्कर्ष :
आकृतिबंधातील चूक ही मूक चूक असते. वगळलेल्या फाइलीविषयी त्रुटिसंदेश येत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काम यशस्वी झालेले असते. हानी लक्षात येते ती मूळ डिस्क निकामी झाल्यावर. म्हणून प्रत्यक्ष प्रत घेण्यापूर्वी 'ड्राय रन' या पर्यायाने घेतल्या जाणाऱ्या फाइलींची यादी तपासावी आणि ठरावीक काळाने बॅकअपमधून काही फाइली परत मिळवून पाहाव्यात. प्रत घेतली गेली, एवढ्याने बॅकअप पूर्ण होत नाही. जे हवे ते परत मिळाले, तरच तो पूर्ण म्हणता येईल.