गाठ भरवशाची

आपण शल्यचिकित्सक ज्या रीफ नॉटवर विसंबतो, ती समान जाडीच्या धाग्यांची. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र लेप चढवलेली जाड फ्लाय लाइन आणि तिच्यामागची डॅक्रॉनची बारीक बॅकिंग जोडायची असते. तेथे मी अल्ब्राइट गाठ निवडतो: जाड दोरी दुमडून तिच्यावर बारीक दोरीचे १० वेढे, टोक ज्या बाजूने फासात शिरले, त्याच बाजूने बाहेर. नेल नॉट अधिक सडपातळ, परंतु तिची पकड लेपावर. मोठ्या माशाच्या ओढीने लेपच गाभ्यावरून सोलला गेला, तर तो बिचारा सुमारे २७ मीटर दोरी ओढत निसटतो. गाठ ओली करूनच आवळावी व हाताने ओढून पारखावी. बॅकिंग क्वचितच पाण्यात उतरते. उतरते तेव्हा सारी भिस्त त्या गाठीवरच असते.