पोरगं पितं का? विचारायचं कुणाला?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोली-वारणा पट्ट्यात सोयरीक ठरवताना शेती किती, नोकरी कुठं, याच्या बरोबरीनं एक चौकशी हमखास होते: पोरगं पितं का? जाणते पाहुणे पोराइतकीच त्याच्या बापाची नि चुलत्याची माहिती काढतात. त्यांचं फारसं चुकत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता सुमारे ५० टक्के निघाली आहे. मात्र एखाद्याची निम्मी दारू बापाकडून आली, असा याचा अर्थ लावायचा नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जनुकांशी जोडता येतो, एवढंच. समोरच्या एकट्या पोराबद्दल हा आकडा मुका आहे.

मग त्या पोराची लाळच तपासली तर?

एका जनुकाचं उत्तर स्वच्छ मिळतं. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनतं आणि 'एएलडीएच-२' हे विकर ते निकामी करतं. चीन, जपान, कोरियातल्या अनेकांत हे विकर जन्मतःच दुबळं असतं. दोन घोटांतच चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. अशी माणसं दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण कमी असतं. आपल्याकडे हा बदल विरळाच. बाकीची जनुकं इतकं रोखठोक बोलत नाहीत. बदल शेकडो ठिकाणी आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

तरी चाचणी आलीच, दारूची नव्हे तर अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डिसेंबर २०२३ मध्ये 'अ‍ॅव्हर्टडी'ला मंजुरी दिली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, १५ जनुकीय बदल पाहायचे आणि अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या पहिल्यांदा देण्याआधी व्यसनाचा धोका सांगायचा. प्रशासनाच्याच सल्लागार समितीनं २०२२ मध्ये ११ विरुद्ध २ मतांनी याविरुद्ध कौल दिला होता. पुढे २०२५ मध्ये संशोधकांनी साडेचार लाखांहून अधिक माजी अमेरिकी सैनिकांच्या माहितीवर तेच १५ बदल ताडून पाहिले, तर शंभरात सरासरी ४७ जणांबाबत अंदाज चुकला. छापा-काटा केला असता तर ५० चुकले असते! असे निवडक बदल व्यसनापेक्षा माणसाचा वंशच जास्त ओळखतात, हा आक्षेप त्याआधीच घेतला गेला होता.

समजा, उद्या चाचणी सुधारली. तरी तिचा कागद कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न उरतोच आणि कोल्हापूरकरांनी तो विचारायलाच हवा. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. गर्भातला दोष शोधायला आलेलं तंत्र मुली शोधायला वापरलं गेलं होतं. शेवटी लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारं उपकरण बसवून पहारा ठेवावा लागला. व्यसनाच्या चाचणीचा कागदही आधी सोयरिकीच्या बैठकीत निघेल, मग नोकरीच्या अर्जाला जोडला जाईल. विम्यापुरतं तरी, जनुकीय आजार म्हणून सरसकट दावे नाकारणं भेदभावाचं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. सोयरिकीला असं कुठलं न्यायालय नाही.

उपाय मात्र चाचणीवाचून अडलेले नाहीत. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षित सामान्य माणसांकरवी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. डॉक्टर नव्हेत, मानसोपचारतज्ज्ञही नव्हेत. तीन महिन्यांनी त्या पुरुषांतले ३६ टक्के धोक्याबाहेर आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांचं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथंही दाखल होताना कुणी जनुकं विचारत नाही.

घरात बाप किंवा आजा पिणारा असेल तर पोराचा धोका जास्त, हे धरूनच चला; त्यासाठी बोळा फिरवायची गरज नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांत व्यसनाचं प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं होतं. म्हणून जत्रेत, वरातीत, निवडणुकीच्या जेवणावळीत पोराच्या हाती पहिला पेला कोण देतं, यावर लक्ष ठेवा. बाटली आधीच उघडली असेल, तर लाज न बाळगता त्याला घेऊन आरोग्य केंद्र गाठा.