हिमाची गोधडी

बर्फाची लादी वितळू नये म्हणून ती लाकडाच्या भुशात ठेवतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. भुशात अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमातही अशीच हवा कोंडलेली असते. ताज्या हिमाचे ९० टक्क्यांच्या आसपास आकारमान म्हणजे नुसती हवा! म्हणूनच वर कडाक्याची थंडी असली, तरी जाड हिमाखालची जमीन शून्य अंशाच्या जवळपासच राहते. त्या गोधडीखाली वीतभर रोप सुखरूप असते.

ज्याचा शेंडा हिमाबाहेर डोकावतो, त्याचे मात्र हाल होतात. उन्हावाऱ्याने पानांतले पाणी उडून जाते आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळत नाही. चहूकडे हिम, आणि रोप मरते ते तहानेने!

मग हिम जितके जास्त टिकेल तितके बरे, असे तुम्ही म्हणाल. स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळच्या स्टिलबर्ग उतारावर याची परीक्षा झाली. आल्प्समध्ये १९५१ च्या हिवाळ्यात हिमलोट कोसळून अडीचशेहून अधिक माणसे दगावली होती. उतारावर दाट झाडी असली, की हिम तिच्यात अडते आणि लोट सुटत नाही. पण इतक्या उंचावर कोणती झाडे जगतील? हे पाहण्यासाठी १९७५ मध्ये, २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, ९२,००० रोपे लावण्यात आली. लार्च हा एक वृक्ष, आणि पाइनच्या दोन जाती. पुढे ३० वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली.

पाइनची बहुतेक रोपे मेली. लार्चची बरीच तगली. असे का व्हावे?

गुन्हेगार निघाली बुरशी. हिमाखालचा अंधार, ओलावा आणि शून्याच्या आसपासचे तापमान काही बुरशींना चांगलेच मानवते. ज्या खळग्यांत हिम उशिरापर्यंत साचून राहते, तेथे त्यांना पाइनच्या सदाहरित सुया पोखरायला भरपूर वेळ मिळतो. लार्च सूचिपर्णी खरा, पण शिशिरापूर्वीच सुया गाळून मोकळा होतो. सुयांवर जगणाऱ्या बुरशीला तेथे खाद्यच नाही. शिवाय हिम उशिरा वितळले, की आधीच आखूड असलेला वाढीचा हंगाम आणखी आखडतो.

म्हणजे थंडीत हिम हवे, पण वसंतात ते वेळेवर गेलेही पाहिजे. म्हणून अशा उतारांवर रोपे सरसकट ओळीत न लावता, जेथे हिम लवकर वितळते अशा लहान उंचवट्यांवर झुबक्याझुबक्यांनी लावतात आणि खळगे मोकळे सोडतात.