दहा ग्रॅम गाळायचे, दोनशे मिलिग्रॅम सोडायचे

प्रौढ माणसाच्या शरीरात १,००० ते १,२०० ग्रॅम कॅल्शियम असतं. मॅग्नेशियम जेमतेम २५ ग्रॅम. कॅल्शियमचा ९९ टक्के साठा हाडांत आणि दातांत असतो. मॅग्नेशियमचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा हाडांत, उरलेला बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तात फिरतं ते दोन्हींचं एक टक्क्याहूनही कमी. पण हृदयाचे ठोके आणि नसांचे संदेश याच चिमूटभर साठ्यावर चालतात, म्हणून रक्तातलं कॅल्शियम डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅममध्येच राहावं लागतं.

आता दिवसाचा जमाखर्च. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. तेवढं खाल्लं, तरी आतडं त्यातलं ३०० ते ३५० च उचलतं आणि पाचकरसांतून दीडशेच्या आसपास पुन्हा आतड्यात येतं. निव्वळ जमा सुमारे २००. बाकीचं शौचावाटे जातं. पदार्थागणिकही फरक पडतो. दुधातलं पाव भागाहून थोडं जास्त कॅल्शियम शोषलं जातं, पालकातलं फक्त ५ टक्के, कारण ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं. आहाराच्या तक्त्यांत पालकाचा आकडा दिमाखात छापतात आणि हे ५ टक्के गाळतात, हे मला खटकतं.

खरी उलाढाल मात्र किडनीत होते. दोन्ही किडन्या मिळून रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यासोबत १०,००० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्यातलं ९८ टक्के परत घेतलं जातं, २०० मिलिग्रॅम लघवीत सुटतं: आतड्यानं जमा केलं तेवढंच. ही वसुली एकाच टक्क्यानं घटली, तर रोज १०० मिलिग्रॅम जादा जातील. भरपाई झाली नाही, तर वर्षाला ३६ ग्रॅम, म्हणजे सांगाड्यातल्या कॅल्शियमचा सुमारे तीन टक्के भाग.

म्हणूनच कॅल्शियमवर पॅराथायरॉइड संप्रेरकाचा पहारा असतो. रक्तातलं कॅल्शियम किंचित उतरलं, की ते किडनीतल्या नलिकेच्या शेवटच्या टप्प्यातली वसुली वाढवतं. तिथे ८ ते १० टक्केच कॅल्शियम येतं, पण नेमकं नियंत्रण तिथेच होतं. शिवाय त्याच्याच इशाऱ्यावर किडनी ड जीवनसत्त्वाला सक्रिय रूप देते आणि एक-दोन दिवसांत आतडं जास्त कॅल्शियम उचलू लागतं.

मॅग्नेशियमला असं स्वतःचं संप्रेरक नाही. रोज गाळलं जातं सुमारे २,४०० मिलिग्रॅम, लघवीत जातं १०० च्या आसपास. टंचाईत किडनी ते २५ च्या खालीही आणते. पण हा तोल बिघडला, तर कॅल्शियमही कोसळतं, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. काही तान्ह्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच झटके येतात. रक्तात कॅल्शियम कमी दिसतं, ते दिलं तरी झटके थांबत नाहीत. मॅग्नेशियम दिल्यावर थांबतात. मॅग्नेशियम फारच घटलं, की पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडेनाशी होते आणि हाडंही त्याला दाद देत नाहीत. या आजाराचं मूळ २००२ मध्ये सापडलं: टीआरपीएम-६ या प्रथिनाच्या जनुकातला दोष. हे प्रथिन म्हणजे मॅग्नेशियमची पेशीत शिरायची वाट. ती आतड्यातही आहे आणि किडनीतही, त्यामुळे दोन्हीकडून एकदमच नुकसान होतं.

हीच साखळी मोठ्यांमध्ये औषधांमुळे सुरू होऊ शकते. रक्तदाबावरची थायाझाइड गटातली औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करतात, पण मॅग्नेशियम घालवतात. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधानं दोन्ही जातात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं मार्च २०११ मध्ये दिला. त्यांनी तपासलेल्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत वरून मॅग्नेशियम देऊनही भागलं नाही, गोळी बंद करावी लागली. आपल्याकडे या गोळ्या वर्षानुवर्षं सहज घेतल्या जातात. अशा माणसाच्या पायात गोळे येत असतील आणि कॅल्शियम देऊनही वाढत नसेल, तर मॅग्नेशियम तपासायलाच हवं. मात्र किडनी निकामी होत आलेल्यांनी त्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत: रक्तात साचलेलं मॅग्नेशियम बाहेर टाकायला शरीराजवळ किडनीखेरीज दुसरा पुरेसा मार्ग नाही.